ज्याची जमीन त्याची नदी?

सासवड,
ऑक्टोबर २०१६

चि. निखिल,


‘मामा, ज्याची जमीन त्याची नदी, यात चुकलं काय?’ असं फोनवर म्हणालास आणि वर हसलास. पाटबंधारे खात्यात ज्याचे केस पांढरे झाले, त्याच्या भाच्यानं हे बोलावं? गव्हर्नर म्हणून बुलक की जियानफोर्टे, एवढंच तुला विचारायचं होतं, कबूल. पण आधी तू राहतोस कुठं ते तर बघ!

मोंटानाच्या १९७२ च्या राज्यघटनेतच लिहिलंय, की सगळं पाणी राज्याचं, लोकांच्या वापरासाठी. १९८४ मध्ये डिअरबॉर्न आणि बीव्हरहेड या नद्यांवरचे जमीनमालक कोर्टात हरले आणि पुढच्याच वर्षी कायदा आला. नेहमीचं चढतं पाणी जिथवर पोचतं, तिथवर पात्रात कुणीही चालावं, गळ टाकावा. फक्त नदी गाठायला कुणाच्या कुरणातून घुसायचं नाही. उलट कोलोरॅडोत खासगी जमिनीतून होडी वाहत गेली तर चालते, पण तळाला पाय टेकला की गुन्हा! पाणी लोकांचं आणि वाळू मालकाची, असला तो न्याय.

म्हणजे मोंटानात सगळा जीव नदीत उतरायच्या वाटेत. जियानफोर्टे यांच्या कंपनीनं २००९ मध्ये ईस्ट गॅलॅटिनकाठच्या तसल्याच सार्वजनिक वाटेवरून सरकारवर दावा लावला होता. पुढं तो मिटला, गैरसमज होता म्हणतात. असेलही. पण वाट कुणाची हे मत मागायच्या आधी ठरलेलं बरं.

आणि पाण्याचे हक्क? तिथं ज्यानं आधी पाणी उचललं त्याचा हक्क आधी. टंचाईत जुन्या तारखेचा भिजतो, नव्या तारखेचा कोरडा. आमच्याकडं कालव्यावर हेडवाला ऊस भिजवतो आणि टेलवाला चारीकडं बघत बसतो. रड तीच. विलासराव साळुंखे ७२ च्या दुष्काळात इथं नायगावला आले आणि पुढं त्यावर तोड म्हणून पाणी पंचायत उभी केली. पाणी माणशी अर्ध्या एकराला, कुटुंबाला फार तर अडीच एकरांना, भूमिहीनालाही वाटा, ऊस बंद. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही! तोंडं मोजून पाणी द्यायचं, सातबारा बघून नव्हे. मी हे सांगायला लागलो की तुझी मामी उठून आत जाते, पण तुझ्या दोघा उमेदवारांपैकी एकाला तरी हे झेपेल का? सभेत विचार. लहानपणी पाटात उड्या मारताना कुणाची जमीन म्हणून विचारलं नव्हतंस ते!

नदीचं झालं, आता तुझी शिकार. त्यातलं मला कळत नाही. आपल्याकडं १९७२ चा वन्यजीव कायदा, तुमच्याकडं २००४ पासून शिकारीचा हक्क थेट राज्यघटनेत. आता तू म्हणे मित्राबरोबर एल्क हरणांच्या मागं जाणार. त्याला बंदूक धरता येते, हे तुला कुणी सांगितलं? त्यानंच ना? ते केशरी जॅकेट तिथं सक्तीचं आहे. थंडी वाजली म्हणून वर काळा कोट चढवशील, तुझी सवय मला माहीत आहे. आणि मासे धरायची ती रबरी विजार घातलीस तर कमरेचा पट्टा आवळल्याशिवाय पात्रात पाय ठेवू नकोस. तोल गेला तर आत पाणी भरतं, आणि तिथलं पाणी बर्फाचं. एकटा तर अजिबात जाऊ नकोस.

मत कुणाला देतोस ते विचारत नाही. पट्ट्याचं तेवढं कळव.

तुझा,
मामा

ता. क. शिकारीचं ताईला मी बोललेलो नाही. तूच सांग, पण दिवाळी होऊ दे.