पेंडीतला नायट्रोजन

सुपरकपॅसिटरच्या इलेक्ट्रोडसाठी सच्छिद्र कार्बन बनवणं हे माझं पीएचडीचं काम. पुष्कळ जण करवंटीपासून असा कार्बन करतात. मी सोयाबीनची पेंड घेतली, कारण तिच्यात प्रथिनं भरपूर आणि प्रथिनांच्या वजनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. तो वेगळा घालावा लागत नाही. ट्यूब फर्नेसमध्ये पेंड तापू लागली की केस जळल्यासारखा वास सुटतो.

नळीतून नायट्रोजन वायू सतत सोडलेला असतो. लॅब पाहायला येणारे विचारतात, हाच कार्बनमध्ये शिरतो का? नाही. त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधानं इतके घट्ट धरलेले असतात की या तापमानाला ते सुटत नाहीत. तो फक्त ऑक्सिजनला बाहेर ठेवतो. नाहीतर आमच्या हाती राखच येईल.

तयार कोळसा पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर खलून पुन्हा तापवायचा. हे रसायन त्याला आतून पोखरतं; एका ग्रॅमचा पृष्ठभाग दोन हजार चौरस मीटरच्याही पुढे जाऊ शकतो. नळी पूर्ण थंड होईपर्यंत मी कुणालाही उघडू देत नाही. आत धातुरूप पोटॅशियम उरलेलं असलं तर पाणी लागताच पेट घेतं. मग पातळ हायड्रोक्लोरिक आम्लानं धुणं आणि त्यानंतर पाण्यानं, पीएच पेपर उदासीन दाखवेपर्यंत. काळी भुकटी गाळणकागदाला चिकटते, हातमोज्यांच्या वर मनगटावरही बसते.

खरी ओढाताण तापमानाची. ते वाढवलं की कार्बनमधून वीज चांगली वाहते, पण नायट्रोजन उडून जातो. कडेला बसलेला पिरिडिनिक आधी घटतो; जाळीत कार्बनच्या जागी बसलेला ग्राफिटिक टिकतो. पहिला जादा प्रभार साठवायला मदत करतो, दुसरा वहन सुधारतो. मला दोन्ही हवेत, म्हणून मी ७०० अंशांवर थांबते.

निकेल फोमवर मिलिग्रॅमभर लेप देऊन प्रति ग्रॅम फॅरडचे मोठे आकडे दाखवता येतात. यूरी गोगोत्सी आणि पॅट्रिस सायमन यांनी २०११ मध्येच ‘सायन्स’मधून याबद्दल सावध केलं होतं. मला ते मनापासून पटतं, म्हणून मी चौरस सेंटिमीटरला १० मिलिग्रॅम लेप देऊनही मोजते. तिथे आकडा घसरतो, कारण आयनांना खोलवर पोचायला वाट अपुरी पडते. हायड्रॉक्साइड वाढवलं की छिद्रं रुंदावतात, पण नायट्रोजन आणखी कमी होतो. सध्या वेगवेगळ्या प्रमाणांचे नमुने धुऊन सुकायला ठेवलेत.