शुक्रवारची नखं

इस्राएलमधल्या आश्दोदला एका आजोबांच्या घरी त्यांना सांभाळायला रुजू झालो तेव्हा मला औषधांच्या वेळा ठाऊक होत्या, साखर तपासता येत होती, माणसाला पलंगावरून व्हीलचेअरवर घेता येत होतं. केसांना आणि नखांनाही वेळापत्रक असतं, हे ठाऊक नव्हतं. आजोबा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, मूळ अलिबागकडचे. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना कोकणात शनिवार तेली म्हणायचे, त्यांच्यापैकी. मराठी अजून खणखणीत, आणि मराठी बोलणारा माणूस हवा म्हणूनच मला हे काम मिळालं.

पहिल्याच आठवड्यात, गुरुवारी, अंघोळीनंतर नखं मऊ झाली होती म्हणून मी नेलकटर काढलं. आजोबांनी हात मागे घेतला. "आज नको रे. गुरुवारी कापली तर तिसऱ्या दिवशी वाढायला लागतात, आणि तिसरा दिवस म्हणजे शब्बाथ, आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस."

मी मान डोलावली, पण डोक्यात गोंधळ. आमच्याकडेही शनिवारी केस कापत नाहीत, तिन्हीसांजेला नखं काढत नाहीत. तेव्हा हे तसंच काहीतरी असेल, दिवस वाईट म्हणून कात्री नको, असं मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच हाक आली. आता नखं, मग दाढी, मग गरम पाणी, आणि सगळं वेळेत. हिवाळ्यात इथे शुक्रवारी साडेचारच्या आसपास आजोबांची लेक, मी तिला ताई म्हणतो, मेणबत्त्या लावते आणि शब्बाथ सुरू होतो. त्यानंतर ना कात्री, ना गरम पाण्याची अंघोळ. मेंढीची लोकर कातरणं हे शब्बाथला वर्ज्य असलेल्या 39 कामांपैकी एक, आणि माणसाचे केस, नखं कापणं त्यातच मोडतं. शनिवारी आजोबांच्या डोक्यावरून मी फक्त मऊ ब्रश फिरवतो. दातेरी कंगव्यानं केस तुटतील, तेही चालत नाही.

नखांचे तुकडे खाली पडू द्यायचे नाहीत. कागदावर गोळा करायचे आणि जाळायचे. एखाद्या गरोदर बाईचा पाय त्यांवर पडला तर गर्भाला धोका, अशी जुनी समजूत तालमुद या यहुदी धर्मग्रंथात आहे. पुरणारा चांगला, जाळणारा त्याहून भाविक, टाकून देणारा दुष्ट, असंही तिथे ठरवून टाकलंय. शेजारच्या फ्लॅटमधले आजोबा पोलंडहून आलेले, अश्केनाझी, म्हणजे युरोपातले यहुदी. त्यांना सांभाळणारी केरळची मुलगी म्हणाली, तिच्या आजोबांकडे बोटांचा क्रमही ठरलेला आहे. डाव्या हाताची अनामिका आधी, मग तर्जनी, करंगळी, मधलं बोट, शेवटी अंगठा. उजवा हात तर्जनीपासून, आणि क्रम पुन्हा वेगळा. लागोपाठची दोन बोटं घ्यायची नाहीत. मी धावत येऊन आजोबांना विचारलं, आपलं चुकतंय का? ते म्हणाले, "ती त्यांची रीत. मोठमोठ्या रब्बी धर्मगुरूंनीही ती पाळलेली नाही. तू काप." एकाच मजल्यावर, एकाच धर्मात दोन रीती. मला बरेच दिवस कळेना, की नियम नक्की कोणता धरायचा.

दाढीचंही तेच. पाती लावून करायची नाही, बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या 19व्या अध्यायात मनाई आहे. ज्याचं पातं थेट कातडीवर चालत नाही, कात्रीसारखं कापतं, असं इलेक्ट्रिक यंत्र पुष्कळ रब्बींना चालतं, म्हणून ते.

या सगळ्याला अर्थ आला तो आजोबांनी सांगितलेल्या एका गोष्टीमुळे. दुसऱ्या शतकातले रब्बी यहूदा बार इलाई. दर शुक्रवारी त्यांच्यासमोर गरम पाण्याचं भांडं आणून ठेवत. ते तोंड, हात, पाय धुवायचे, झालरीचं तागाचं वस्त्र पांघरून बसायचे आणि देवदूतासारखे दिसायचे. आजोबा हे सांगताना माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या हातात त्या वेळी तेच भांडं होतं. आमच्या घरच्या नियमांत दिवसाची भीती आहे. इथे दिवसाचं स्वागत आहे. शनिवार येतोय, म्हणून अंग तयार ठेवायचं. एवढं समजल्यावर माझी शुक्रवारची घाई मला जाच वाटेनाशी झाली.

मग पेसाहच्या सणाआधी आजोबांची थोरली बहीण गेली. शिव्हाचे, म्हणजे शोकाचे, सात दिवस बसणं झालं, पण त्यानंतरही तीस दिवस पूर्ण होईपर्यंत केस, दाढी करायची नाही. शुक्रवार यायचा, गरम पाणी तापायचं, मी यंत्र कपाटातच ठेवायचो. दाढी वाढत गेली, आजोबा ओळखू येईनासे झाले. मला वाईट वाटायचं. म्हाताऱ्या माणसाला असं बघणं सोपं नसतं, आणि ती दाढी हीच त्यांची शोकाची भाषा होती, हे मला तेव्हा पटत नव्हतं.

पेसाहच्या आदल्या दिवशी ताई म्हणाली, "आज कापायचे. शिव्हा पुरा झाल्यावर सण आला की उरलेला शोक सण तोडतो." मी म्हटलं, घाई कशाला, सण संपल्यावर सावकाश करू. तेव्हा तिनं बोटांवर हिशेब मांडला. सणाच्या मधल्या दिवसांत केस कापत नाहीत, कारण ती मुभा असती तर लोकांनी आधी न कापता तसंच सणात पाऊल टाकलं असतं. आणि पेसाहच्या दुसऱ्या रात्रीपासून ओमेरची, म्हणजे शावुओतच्या सणापर्यंतच्या दिवसांची, मोजणी सुरू होते. रब्बी अकीवांचे 24,000 शिष्य याच काळात दगावले असं तालमुद सांगतो, म्हणून पुन्हा कात्री बंद. या घरात ती 34व्या दिवशी सकाळी उघडते, शेजारी 33व्या दिवशी. म्हणजे आज हुकलं तर महिन्याहून जास्त काळ तसंच राहायचं. शिवाय दुपारच्या आत. दुपारनंतर प्राचीन काळी यरुशलेमच्या मंदिरात बळी देण्याची वेळ असायची, म्हणून तो भाग जवळजवळ सणाचाच. ताई म्हणाली, कापणारा यहुदी नसेल तर दुपारनंतरही चालतं, तू आहेसच. आजोबांनी ऐकलं नाही. दुपारच्या आतच.

मी आधी कात्रीनं वाढ कमी केली, मग मशीन चालवली. मानेमागे, कानांशेजारी हात सावकाश फिरवला. कानशिलांवरचे केस काढायचे नसतात; त्यांना मी आता कोणी न सांगताच हात लावत नाही. आजोबा मध्येच बहिणीविषयी बोलू लागले. लहानपणी तीच त्यांना न्हाऊ घालायची. मी हात थांबवला. "तू काप, वेळ जाईल," म्हणाले. पाऊण तासात दाढी गेली आणि ओळखीचा चेहरा परत आला. अंघोळ झाली, पांढरा सदरा चढला, अजून बारा वाजायचे होते.

आता स्वयंपाकघरातलं त्यांचं कॅलेंडर मीच बघतो. शावुओत झाला की पुढे तम्मुज महिन्याच्या 17व्या तारखेनंतरचे शोकाचे आठवडे, मग नव्या वर्षाचा, मग दारफाळणीचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाचा सण. परवा खालच्या मजल्यावर नाशिककडचा एक मुलगा कामाला आला. गुरुवारी नेलकटर घेऊन निघाला होता. मी त्याला जिन्यातच विचारलं, तुझे आजोबा कुठले, आणि त्यांच्या घरी ओमेर किती दिवसांचा पाळतात, ते आधी विचारून ये.