नाईलच्या काठी

लहानपणी सोलापुरात चित्रकलेच्या तासाला मी जेवढे माड लावले, तेवढे कोकणातल्या एखाद्या खोतानेही लावले नसतील. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी आणि माड! खिडकीबाहेर बाभळ होती. पण बाभळीला निसर्गात घ्यायची पद्धत नव्हती. म्हणूनच, ऑस्ट्रेलियात गेलेले सुरुवातीचे गोरे चित्रकार समोरचा निलगिरी बघून विलायती ओक काढत, हे कळल्यावर मला त्यांच्याविषयी बंधुभाव वाटला.

मुलाकडे मेलबर्नला गेलो होतो. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच चित्रसंग्रहालय. सौ.ला बसायला जागा हवी होती आणि मला फुकट काहीतरी. तिथे जॉन ग्लोव्हर भेटले. हे गृहस्थ १८३१ साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी टास्मानियात उतरले. आपल्याकडे या वयात माणूस फार तर गच्चीत गुलाब लावतो. यांनी सरकारकडून जमीन घेतली, मेंढ्या पाळल्या आणि निलगिरी चक्क निलगिरीसारखा काढला! वेड्यावाकड्या फांद्या, विरळ पानं, झाडातून आरपार पलीकडची टेकडी दिसते. माझ्या बाभळीलाच न्याय मिळाल्यासारखं वाटलं.

नावांच्या बाबतीत मात्र हात सुटला नाही. शेताचं नाव पॅटरडेल, म्हणजे इंग्लंडातलं एक गाव. आणि शेताजवळच्या नदीचं नाव काय, तर नाईल! अर्थात, आमच्या ‘गंगोत्री’ सोसायटीला दिवसाआड पाणी येतं, तेव्हा मी हसण्यात अर्थ नाही.

१८३७ च्या चित्रात या नाईलमध्ये तिथले मूळ रहिवासी मजेत डुंबताहेत.

“बाबा, हे चित्र काढलं तेव्हा हे लोक तिथं नव्हतेच,” मुलगा म्हणाला. गोऱ्यांशी झालेल्या झटापटींतून आणि रोगराईतून जे उरले, त्यांतल्या बहुतेकांना तोवर बोटीत घालून एका बेटावर नेऊन ठेवलं होतं. बेटाचं नाव फ्लिंडर्स. ज्यांच्या नावाच्या स्टेशनावर आम्ही नुकतेच उतरलो, तेच हे.

सौ.नं चष्मा पुसून पुन्हा लावला.

“अहो, सातबारा कुणाच्या नावावर?”

“ग्लोव्हरांच्या. चित्राच्या नावातच आहे, मिस्टर ग्लोव्हरांच्या शेतावरून दिसणारी नाईल.”

“मग हे कसे घरच्यासारखे पोहताहेत?”