मुक्काम आल्यावर

आंधळ्याच्या खांद्यावर बसलेला पांगळा, मुक्काम आल्यावर, खाली कसा उतरला असेल? आधीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत, २१ व्या कारिकेत, ही जोडी येते: पुरुष पांगळा, प्रकृती आंधळी. गौडपादाचं भाष्य ती खुलवून सांगतं. रानात तांड्यावर चोर पडतात, सोबतची माणसं या दोघांना टाकून पळतात. मग डोळे एकाचे, पाय दुसऱ्याचे, अशी वाट सरते. इच्छित ठिकाणी पोचले की दोघं वेगळे होतात. तत्त्वज्ञानाचं काम तिथं भागतं. माझं भागत नाही.

सत्येन बोस यांनी १९६४ च्या 'दोस्ती'त ही जोडी शहराच्या रस्त्यावर आणली. रामू लंगडा, मोहन आंधळा. टाकणारी माणसं इथंही आपलीच. मोहनची सख्खी बहीण त्याला ओळख देत नाही. रामूच्या परीक्षेची फी मोहन आजारी असताना गाऊन जमवतो. शेवटी दोघं भेटतात आणि चित्रपट थांबतो. नेमका तिथंच. पुढं रामू शिकला, नोकरीला लागला, तर?

आमच्या गडचिरोलीत कोरचीच्या पलीकडे छत्तीसगड लागतं. तिकडे मैत्रीचाही विधी असतो. गंगाजल किंवा जगन्नाथाचा महाप्रसाद एकमेकांना देऊन मितान व्हायचं. मग एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. 'महाप्रसाद', 'गंगाजल' हीच हाक. दोन्ही घरं सोयरी होतात, सुखदुःखाला धावतात. रानातल्या माणसांना मैत्रीला एवढी गाठ का मारावीशी वाटली? 'गरज सरो, वैद्य मरो' हे त्यांनाही कळलं असेल, म्हणून? की गरज नसतानाही कुणीतरी असावं, म्हणून? आणि मितानाचा राग आला तर करायचं काय? ज्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्यावर ओरडायचं कसं? 'अरे गंगाजल' म्हणून भांडण कितीसं रंगणार!

इकडची पोरं पोलीस भरतीच्या, एमपीएससीच्या तयारीला नागपूर-पुण्याला जातात. खोलीभाडं अर्धं अर्धं, मेसचा डबा दोघांत एक. एकाचं नाव यादीत लागतं, तो सामान उचलतो. याला दगा म्हणवत नाही. गौडपादाच्या हिशेबात तर हे अगदी रीतसर झालं.

की तो आंधळा घरी पोचल्यावर हलका झाला असेल? ओळखीच्या घरात त्याला दुसऱ्याचे डोळे कशाला लागतील? उंबरा कुठं, माठ कुठं, सगळं हातापायांना पाठ. म्हणजे मैत्री टिकायला परकं गावच हवं? रामू-मोहन एकत्र राहिले ते शहर त्यांचं कधी झालंच नाही, म्हणून?

तसं असेल तर मितानाचं कोडं उरतंच. ती माणसं आपापल्या घरीच होती; रान त्यांच्या पायाखालचं, वाट चुकण्याची भीती नाही. तरी त्यांनी एकमेकांना बांधून घेतलं. आपल्याच गावात राहून त्यांना कशाची वाट सापडत नव्हती?