हात आधी, आवाज मागून

ऑर्केस्ट्रा कंडक्टर झुबिन मेहतांवर एका पुरवणीत मी लिहिलेला लेख अजूनही कुणीतरी कौतुकानं पाठवतं आणि दर वेळी मला ओशाळायला होतं. १९३६ साली मुंबईत जन्मलेला पारशी मुलगा डॉक्टरकीचा नाद सोडतो, व्हिएन्नाला जातो आणि जग जिंकतो, अशी ती गोष्ट. वाचायला झकास. पण तिच्यात घोळ होते आणि त्यातले काही मी समजून-उमजून घातले होते.

पहिला मात्र निव्वळ अज्ञानाचा. बेथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीची ध्वनिचित्रफीत पाहून मी ठोकून दिलं होतं, की मेहतांचा हात खाली येतो पण वादक किंचित मागे पडतात. लेख वाचून ओळखीच्या एका गोवेकर अंकलनी घरी बोलावलं. हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिन वाजवण्यात त्यांची हयात गेलेली. चहा वगैरे काही नाही. थेट स्वरलिपीचं पुस्तक उघडून त्यांनी पहिल्याच खुणेवर बोट ठेवलं. तिथे सूर नव्हताच! दोन मात्रांचं घर, त्यात आरंभी अर्ध्या मात्रेची विश्रांती, मग तीन आखूड सूर आणि पुढच्या घरात तो ताणलेला चौथा. म्हणजे हात पडतो तो शांततेवर.

"अरे बाबा, ह्या रिकाम्या जागेसाठीच तर कंडक्टर लागतो," अंकल म्हणाले. "पुढचं काय, आम्ही एकमेकांचं ऐकून वाजवतो."

रूपक तालाची सम खालीवर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर, येते हे मला शाळकरी वयापासून ठाऊक. तरी इथे शहाणपण पाजळलं ते पाजळलंच.

दुसरा घोळ वडिलांचा. मला बंडखोर मुलगा हवा होता, म्हणून मेहली मेहतांना मी एका वाक्यात गुंडाळलं. वास्तविक बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा त्यांनीच उभा केलेला, तोही मुलाच्या जन्माच्या आदल्या वर्षी. पोरगा तालमी ऐकतच वाढला. घराण्यात जन्मलेल्या गायकाला आपण स्वयंभू म्हणू का?

व्हिएन्नाचंही तसंच. १९५४ साली तिथे गेलेला हा विद्यार्थी हान्स स्वारोव्स्कींकडे शिकला, डबल बास वाजवायचा. मोठमोठे कंडक्टर तालीम कशी घेतात हे जवळून बघायला मिळावं, म्हणून तो आणि त्याचा सहाध्यायी क्लाउदिओ अब्बादो चक्क समूहगायकांत जाऊन उभे राहिले. ही हकीकत मला माहीत होती. गाळली, कारण माझ्या नायकाला मागच्या रांगेत उभं करायला हात धजेना. त्यापायी लेखातली सगळ्यात जिवंत जागा गेली.

पुढचे टप्पे मी पाठ केल्यासारखे लिहिले होते : १९५८ची लिव्हरपूलची स्पर्धा, माँट्रियल, १९६२ साली लॉस एंजेलिस, १९७८पासून न्यूयॉर्क. लॉस एंजेलिसच्या ऑर्केस्ट्रात मुळात गेओर्ग शोल्टी प्रमुख म्हणून यायचे होते. त्यांना न विचारता मेहतांना सहायक नेमलं गेलं म्हणून त्यांनी पद सोडलं, आणि ती जागा या सव्विशीतल्या तरुणाकडे आली. मी लिहिलं, 'गुणवत्तेच्या बळावर'. गुणवत्ता होतीच हो, पण नशिबानंही हात दिला होता.

आणि १९८१चं तेल अविव. नाझींचा लाडका म्हणून इस्रायल फिलहार्मोनिक ज्याला टाळत आली होती त्या जर्मन संगीतकार वाग्नरची रचना मेहतांनी कार्यक्रम संपल्यावर जादा म्हणून घेतली. ज्यांना नको असेल त्यांनी जावं, असं आधी सांगितलं. गोंधळ झाला, छळछावण्यांतून वाचलेला, सभागृहातच काम करणारा एक माणूस अंगावरचे व्रण उघडे करून पुढे आला. हे सगळं मी वगळलं. 'आपल्या माणसाला' गालबोट नको, एवढंच त्यामागचं कारण. तेच मेहता १९९१च्या आखाती युद्धात गॅस मास्क घेऊन आलेल्या श्रोत्यांसमोर उभे राहिले, हे मात्र चवीनं लिहिलं.

आता विचाराल तर मला वाटतं, वाग्नर वाजवायला हरकत नव्हती, पण तो कार्यक्रमपत्रिकेत छापून, तिकीटविक्रीच्या आधी. ऐन वेळी 'नको असेल तर जा' म्हणणं म्हणजे ज्याच्या अंगावर व्रण आहेत त्यालाच उठायला लावणं.