सूत्र आणि सूत्रधार

भिंतीवर टीव्ही टांगला की त्याच्या तारांचे काय करायचे, हा प्रश्न तसा किरकोळच. नाशिकच्या आमच्या घरात मात्र तो वडिलांनी बांधलेल्या भिंतीपर्यंत जाऊन पोहोचला. वायरमनने उपाय सुचवला : भिंतीत झिरी मारू, विजेची तार आणि एचडीएमआय वेगवेगळ्या पाइपांतून नेऊ, वरून गिलावा करू. काहीच दिसणार नाही.

हे ‘काहीच न दिसणे’ आपल्याला कधीपासून हवेसे झाले? एके काळी विजेच्या तारा लाकडी पट्टीवरून उघड्या धावत. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले; पुढे गच्चीवरचा अँटेना ही तर घरात टीव्ही आल्याची जाहीर खूणच ठरली. आज चित्र हवे, त्याचे सूत्र नको. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले. त्यांच्या नाटकांत सूत्रधार प्रेक्षकांसमोर उभा राहून पदे गात असे. तो दिसत असल्याने कुणाचा रसभंग होत नव्हता.

झिरीला आईनेच नकार दिला. “या भिंतीला सकाळ-संध्याकाळ पाणी मारलंय मी,” एवढेच ती म्हणाली. मग प्लास्टिकची पांढरी पट्टी भिंतीवरूनच बसवली. पाहुण्यांची नजर तिच्यावर अडते. निवेदक लपवता येतो, नाहीसा करता येत नाही, हे वर्गात सांगताना मला मात्र ती पट्टी फार उपयोगी पडते.