रांगेचा फायदा सर्वांना

जगात माणसांच्या दोनच जाती आहेत. एक, रांगेत उभी राहणारी. आणि दुसरी, ‘फक्त एकच विचारायचं होतं हो’ असे म्हणत थेट खिडकीत हात घालणारी. गेली बावीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसून मी या दोन्ही जातींचा अभ्यास करीत आलो आहे. डॉक्टरला जसे सगळे जग पोट धरून चाललेले दिसते, तसे मला सगळे जग एकामागे एक उभे दिसते. मी नोकरीला लागलो तेव्हा लोक हातात पितळी टोकन घेऊन उभे असत, आता छापील चिठ्ठी घेऊन उभे असतात, एवढाच काय तो फरक. ‘माझ्या पुढचा माणूस हा गेल्या जन्मीचा वैरी’ हा चेहऱ्यावरचा भाव मात्र तोच.

साहजिकच, कुठे सहलीला जायचे ठरले की सगळे नातेवाईक मलाच विचारतात, “रांग कधी कमी असते रे?” जणू सगळ्या महाराष्ट्राच्या रांगांचे लेजर माझ्याच टेबलावर उघडे पडले आहे! मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आम्हाला पैसा कुठून येतो नि कुठे जातो ते शिकवले; माणसे कुठून येतात ते कोणी शिकवले नाही. ते शास्त्र काढले एरलांग नावाच्या एका डॅनिश गृहस्थाने. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरी करता करता त्याने एकदम किती लोकांनी फोन उचलला तर किती जणांना ताटकळावे लागेल, याचे गणित मांडले आणि १९०९ साली छापले. गणित कठीण आहे, पण माझ्यासारख्याने घ्यावे असे त्याचे सार सोपे आहे: माणसे पुष्कळ आली म्हणून रांग होत नाही, ती एकदम आली म्हणून होते. हे कोणत्याही कॅशियरला विचारा. पगाराच्या दिवशी सकाळी दहाला जो काउंटर पंढरपूर असतो, तोच दुपारी तीनला ओसाड धर्मशाळा असतो.

आता आमच्या मालवणचेच घ्या. समोर समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला, अलीकडे जेटी, आणि मध्ये होड्या. दिवाळीच्या सुटीत, नाताळात आणि मे महिन्यात जेटीवर जी रांग लागते ती पाहून वाटावे, किल्ला आज संध्याकाळी कायमचा बंद होणार आहे. प्रत्यक्षात तो १६६४ पासून तिथे आहे. त्या वर्षी २५ नोव्हेंबरला महाराजांनी कुरटे बेटावर काम सुरू केले आणि तीनेक वर्षांत सुमारे ४८ एकरांचा किल्ला पाण्यात उभा राहिला. पायात शिसे ओतले, आणि तटाची लांबी नागमोडी फिरवीत तीन किलोमीटरच्या आसपास नेली. पण मला, म्हणजे एका काउंटर-क्लार्कला, त्यात सर्वांत मोठी करामत वाटते ती दरवाजाची. हा दरवाजा समोरून दिसतच नाही! तट आत वळवून तो बुरुजांच्या कुशीत लपवलेला. शत्रूने होडीतून उतरावे, दरवाजा शोधावा, सापडलाच तर अरुंद वाटेने एकामागे एक आत शिरावे आणि वरून त्याचे यथास्थित स्वागत व्हावे, अशी योजना. म्हणजे शत्रूला सक्तीने रांगेत उभे करणारी ही वास्तू! आणि आपण साडेतीनशे वर्षांनी तिथे जाऊन विचारतो, “इथे रांग का हो लागते?” अहो, ती बांधलीच आहे त्यासाठी!

१७६५ साली इंग्रजांनी हा किल्ला घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. ते नाव टिकले नाही. रांगेची सवय मात्र टिकली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात सिंधुदुर्ग आहे. आपला किल्ला तिथे पोचला तोसुद्धा रीतसर यादीत नंबर लागूनच.

रांगेचे दुःख केवळ आपले नाही, हे कळले की बरे वाटते. फ्रान्समध्ये व्हर्सायचा राजवाडा आहे. राजांच्या काळात तो सर्वसामान्यांनाही पाहता येई. अट एकच, पुरुषाच्या कमरेला तलवार हवी. ज्याच्याकडे नसेल त्याला ती फाटकाशी भाड्याने मिळे! आता तलवार लागत नाही, ठरावीक वेळेचे तिकीट आधीच काढावे लागते. सोमवारी राजवाडा बंद, म्हणून मंगळवारी दुप्पट गर्दी. हे वाचले तेव्हा मला परक्या देशात सख्खा भाऊ भेटल्यासारखे झाले. आमच्याकडेही जोडून आलेल्या सुट्ट्यांनंतरचा पहिला दिवस असाच उगवतो. म्हैसूरच्या राजवाड्यात तर चपला बाहेर ठेवाव्या लागतात, म्हणजे आत जायची रांग वेगळी आणि चपलांची वेगळी. रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे. सुटीच्या दिवशी त्याच्या रांगेत उभा असलेला प्रत्येक जण दर पंधरा मिनिटांनी म्हणतो, “एवढ्यात पायऱ्या चढून झाल्या असत्या.” पायऱ्या चौदाशेच्या वर आहेत, हे ठाऊक असल्यामुळे रांग मात्र सोडत कोणी नाही.

तर, मुद्द्याकडे येतो. मुद्दा म्हणजे माझी आते.

माझी थोरली आते तोंडवलीला राहते. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. तोंडवली म्हणजे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी. पुढे तळाशीलच्या टोकावर गेलात तर पलीकडे सर्जेकोट हाक मारण्याच्या अंतरावर दिसतो, पण रस्त्याने मालवणला जायचे तर खाडीला वळसा घालावा लागतो. वळसा खरा, पण काही काशीयात्रा नव्हे. तरीही आतेने सिंधुदुर्ग किल्ला आतून पाहिलेला नव्हता. अठ्ठ्याहत्तर वर्षांत एकदाही नाही!

याचे कारण मी बँकेच्या शिस्तीने काढले. दर मे महिन्यात मुंबईचे पाहुणे येतात. आले की दुसऱ्या दिवशी किल्ला. सकाळी गाडी निघताना कोणीतरी म्हणायचे, “आते, तूपण चल ना.” त्यावर दुसरे कोणीतरी म्हणायचे, “अरे, तिथे दोन-दोन तास रांग, तिचे गुडघे, आणि ऊन!” मग आते म्हणायची, “तुमी जावन येवा. मी जेवणाचा बघतंय.” चाळीस वर्षांत पाहुण्यांच्या इतक्या तुकड्या किल्ला सर करून आल्या, आणि प्रत्येक तुकडी परतली तेव्हा सोलकढी गार होऊन तयार होती. पाहुणे हातपाय ताणून सांगायचे, “काय रांग होती, आते! सुटलीस तू.” आते वाढता वाढता मान हलवायची. जेटीवरची रांग तासा-दोन तासांची. स्वयंपाकघरातली चाळीस वर्षांची, आणि तिला खिडकीच नव्हती.

गेल्या हिवाळ्यात ती एकदा सहज म्हणाली, “काय रे, किल्ल्यात म्हाराजांचा देऊळ आसा म्हणतत, ता खरा?” बस्स. मी त्याच रात्री कागद-पेन्सिल घेतली.

योजना अशी. पहिले, शनिवार-रविवार वर्ज्य. त्यातही दुसरा आणि चौथा शनिवार तर अगदीच वर्ज्य, कारण २०१५ पासून त्या दिवशी बँका बंद असतात आणि सारे बँकवाले सहकुटुंब बाहेर पडतात. त्यांच्याइतके शिस्तीत रांग अडवणारे दुसरे कोणी नाही. दुसरे, सुट्या टाळायच्या आणि पावसाळा येऊ द्यायचा नाही. साधारण जूनपासून ऑगस्टअखेर होड्याच बंद असतात. तिसरे, आंगणेवाडीच्या जत्रेचे दिवस टाळायचे. ही जत्रा पंचांगात सापडत नाही, तिची तारीख देवीच्या कौलाने ठरते, तेव्हा कान उघडे ठेवायचे. चौथे, सकाळच्या पहिल्या होड्या पकडायच्या. मुंबईचा पाहुणा आंघोळ, नाश्ता, फोटो आणि ‘टोपी कुठेय’ एवढे उरकून दहा-अकराच्या आत हलत नाही. पाचवे, एवढे करून रांग दिसलीच तर घाबरायचे नाही, भागाकार करायचा. समजा पुढे दोनशे माणसे, होडीत वीस बसतात आणि पाच मिनिटांनी एक होडी सुटते. म्हणजे पन्नास मिनिटे. आकडा कळला की माणूस निम्मा शांत होतो. आमच्याकडे ‘सिस्टीम डाऊन आहे’ यापेक्षा ‘सिस्टीम डाऊन आहे, वीस मिनिटे लागतील’ या वाक्याला शिव्या कमी पडतात.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मी रजा टाकली. आतेने ठेवणीतले लुगडे नेसले. डब्यात घावणे, पिशवीत पाण्याची बाटली आणि गुडघ्यांसाठी घडीचे स्टूल. जेटीवर पोचलो तर आमच्या ओळखीतला एक होडीवाला धावत आला. “काकी, तुमी रांगेत नको. ह्या बाजून येवा, मी बसवतंय.” मी स्टूल काखोटीला मारून निघालोसुद्धा. आते जागची हलेना.

“म्हाराजांच्या घराक मागल्या दारान कित्याक जावचा?” ती म्हणाली.

यावर होडीवाला गप्प, मी गप्प. आम्ही रांगेत उभे राहिलो. रांग तरी केवढी! पुढे बारा माणसे, त्यांत दोन कडेवरची पोरे. स्टूल उघडेपर्यंत आमचा नंबर आला. आते चक्क खट्टू झाली. चाळीस वर्षे त्या रांगेचे वर्णन ऐकत आलेली बाई. तिला ती पाहायची होती.

“ह्येका रांग म्हणतत?” होडीत बसता बसता ती म्हणाली, “आंगणेवाडीक येवन बघ म्हणा त्येंका!”

किल्ला आला. दरवाजा शोधायला शत्रूइतका त्रास पडला नाही. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी तिने आवर्जून पाहिल्या, आणि समुद्राच्या मधोमध गोडे पाणी बघून, “बांधणाऱ्यान आधी पाणी बघल्यान, मगे भिंती,” असा अभिप्राय दिला. घरासाठी कर्ज मागायला येणाऱ्या कित्येकांना हा क्रम अजून कळलेला नाही. मग शिवराजेश्वराचे मंदिर. राजाराम महाराजांनी ते बांधले. आत महाराजांची मूर्ती बैठी आहे, आणि नेहमीच्या चित्रातल्यासारखी दाढी तिला नाही.

आते हात जोडून उभी राहिली. पाच मिनिटे झाली, दहा झाली. मी सवयीने मागे वळून पाहिले. मागे कोणी खोळंबले की माझा खांदा आपोआप वळतो. मागे कोणीच नव्हते. ‘चला, पुढे चला’ म्हणणारा नव्हता, पाठीत कोपर नव्हते, फोटोसाठी ‘आजी, जरा बाजूला’ नव्हते. तेव्हा माझ्या लक्षात आले की आमच्या एवढ्या आकडेमोडीचा नफा मी भलत्याच खात्यात जमा करीत होतो. रांग टाळून बाहेरचा तास वाचतो हे खरेच. पण खरी कमाई आतली. हव्या त्या जागी, हवे तितके उभे राहता येते, ती.

बराच वेळाने आते वळली. “म्हाराज आपल्यासारकेच दिसतत रे,” एवढेच म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. परतीच्या होडीत तिने गुडघ्यांचे नाव काढले नाही. मीही स्टुलाचे काढले नाही.

त्यानंतरच्या मे महिन्यात नेहमीप्रमाणे पाहुणे आले. नेहमीप्रमाणे कोणी तरी म्हणाले, “उद्या किल्ला. आते, तू काय दोन तास रांगेत उभी राहणार!” मी तोंड उघडणार तोच आतेने हातातली पळी शांतपणे खाली ठेवली.

“तांदूळ डब्यात आसत, कोकमा फळीवर आसत,” ती पाहुण्यांना म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “काय रे, विजयदुर्गाक होडी लागता?”

नाही लागत. रस्ता थेट किल्ल्यापर्यंत जातो. मी मंगळवारची रजा टाकली आहे.